ठेक्याचे यंत्र आणि एदेनची शांतता

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामात तरुणांसाठी एक दिवसाचे रिट्रीट झाले. बाहेरून आलेल्या प्रापंचिक वक्त्यांनी दुपारच्या सत्रात रॉक संगीतावर तासभर आसूड ओढला. हे संगीत सैतानाच्या घरचे आहे, त्याच्या ठेक्याने देहाच्या वासना चाळवतात, त्याच्या ध्वनिफिती उलट्या फिरविल्या तर अभद्र शब्द ऐकू येतात, असे त्यांचे म्हणणे. मुले खाली माना घालून ऐकत होती. मग समारोपाची मिस्सा सुरू झाली आणि गायनवृंदाने कीबोर्डमधील ठेक्याचे यंत्र चालू केले. प्रवेशगीताला एक ठेका, अर्पणगीताला दुसरा. आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही गुडघे टेकतो न टेकतो तोच तिसरा. मघाचे वक्ते पहिल्या बाकावर उभे राहून त्या ठेक्यावर टाळ्या धरीत होते.

आम्ही त्या धर्मग्रामाचे नाव येथे देत नाही. गोरेगावपासून मुलुंडपर्यंतच्या अनेक वाचकांना हे आपल्याच देवळाचे वर्णन वाटेल अशी आमची खात्री आहे. आमचे भांडण एका देवळाशी नाही. वक्त्यांचे भाषण आणि गायनवृंदाचा ठेका या दोहोंच्या मुळाशी जी एकच चूक आहे, तिच्याशी आहे. संगीताची पारख त्याच्या वेशावरून करावयाची, ही ती चूक. वक्त्यांना गिटार आणि ड्रम दिसले की सैतान दिसतो. गायनवृंदाला गाण्यात प्रभूचे नाव आले की गाणे पवित्र झालेसे वाटते. आमचे म्हणणे असे की, उपासनेतील संगीताची पहिली कसोटी ते मौनाला जागा ठेवते की नाही ही होय. आणि या कसोटीला एका इंग्रज रॉक वाद्यवृंदाची १९८८ सालची ध्वनिमुद्रिका उतरते, आमचे रविवारचे गायन उतरत नाही. हे वाक्य काही वाचकांना झोंबेल. झोंबावे म्हणूनच लिहिले आहे.

त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'स्पिरिट ऑफ ईडन', म्हणजे एदेनचा आत्मा. ती आमच्या घरी कशी आली हे सांगितले पाहिजे, कारण तीत आम्हांला प्रथम काहीच ऐकू आले नव्हते. आमचे वडील आरे दुग्धवसाहतीच्या नोकरीत होते आणि आम्ही कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत राहत होतो. शेजारचा एक मुलगा जहाजावर स्टुअर्ड होता. आपल्या समाजातील पुष्कळ मुलांप्रमाणे नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी असे त्याचे आयुष्य. १९९१ च्या पावसाळ्यात तो परतला तेव्हा चॉकलेटे आणि साबण यांच्याबरोबर त्याने आम्हांला एक कॅसेट दिली. वेष्टणावर शिंपले आणि पाखरे लगडलेल्या एका झाडाचे चित्र होते. ते जेम्स मार्श या चित्रकाराचे, हे पुढे कळले. रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही ती टेपरेकॉर्डरला लावली. फीत फिरताना दिसत होती. पण कुठे दूर कोणी तुतारीवर एक स्वर धरला आहे, त्याखाली तंतुवाद्यांचा धुरासारखा एक पदर आहे, यापलीकडे काही नाही. पावसाने कॅसेटला बुरशी धरली असे वडील म्हणाले. आम्ही आवाज वाढविला. दोनेक मिनिटांनी एक गिटार आले, मग फाटक्या आवाजाचा माउथ-ऑर्गन. आम्ही आवाज आणखी वाढविला. आणि तिसऱ्या गीतात, ध्यानीमनी नसता, ड्रम आणि गिटार असे कडाडून उठले की पाळण्यातले बाळ रडू लागले आणि पलीकडच्या युनिटमधले कुत्रे भुंकू लागले. आईने टेप बंद केला. खरे तर त्यानंतरच्या शांततेत आम्ही जे ऐकले ते विसरलो नाही: गोठ्यातील म्हशींच्या साखळ्या, पन्हळीतून गळणारे पाणी, आणि रातकिडे. हे सारे आधीही चालूच होते. आमचे कान तेव्हा तिकडे गेले.

ही ध्वनिमुद्रिका करणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव 'टॉक टॉक'. बोला, बोला! पुढे जे मौनासाठी ओळखले गेले त्यांना हे नाव असावे, यात थोडी गंमत आहे. १९८१ च्या सुमारास लंडनमध्ये ही मंडळी एकत्र आली. 'इट्स माय लाइफ' सारखी त्यांची गाणी १९८४ पासून युरोपभर वाजली. १९८६ ची 'द कलर ऑफ स्प्रिंग' चांगली खपली. त्या यशाच्या बळावर ईएमआय कंपनीने पुढच्या मुद्रणासाठी हात सैल सोडला. गायक मार्क हॉलिस आणि त्याचा सहकारी टिम फ्रीझ-ग्रीन यांनी त्या पैशाचे काय केले? त्यांनी वेळ विकत घेतला. १९८७ आणि १९८८ मध्ये कित्येक महिने ते लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत बसले. हा स्टुडिओ म्हणजे एके काळचे चर्चचे सभागृह. दिवे मालवून, मंद प्रकाशात, वादकांना एकेक करून बोलावले जाई. काय वाजवायचे ते सांगितले जात नसे. तासन् तास मोकळे वाजवू दिले जाई, आणि त्या तासांतील काही सेकंद तेवढे ठेवले जात. नायजेल केनेडी हा नामांकित व्हायोलिनवादक, डॅनी थॉम्सन हा डबल बासवादक, हेन्री लोथर हा ट्रम्पेटवादक, अशी माणसे आली आणि गेली. ह्यू डेव्हिस नावाचे एक गृहस्थ स्वतः बनविलेले वाद्य घेऊन आले. विश्वकोशाच्या शेवटच्या खंडाच्या पुठ्ठ्यात त्यांनी मोडक्यातोडक्या वस्तू बसविल्या होत्या, आणि त्या खंडाच्या पाठीवर छापलेल्या अक्षरांवरून वाद्याला 'शोझिग' हे नाव दिले होते. नवा मिक्सर आला की आशीर्वाद देऊन त्याचे छायाचित्र काढणाऱ्या आमच्या गायनवृंदांनी या पुठ्ठ्याचा क्षणभर विचार करावा.

एक प्रसंग आम्हांला विशेष वाटतो. चेम्सफर्ड येथील अँग्लिकन कॅथीड्रलच्या गायनवृंदाचे नाव या ध्वनिमुद्रिकेच्या श्रेयनामावलीत आहे. ध्वनिमुद्रक फिल ब्राउन यांनी पुढे सांगितले आहे की, एका मोठ्या गायनवृंदाचे सुरेख गायन मुद्रित झाले, आणि दुसऱ्या दिवशी हॉलिसने ते पुसून टाकले. सुरेख होते, म्हणून ठेवलेच पाहिजे असे त्याला वाटले नाही. आपल्याकडे चौथ्या कडव्यावर आलेला गायनवृंद, धर्मगुरू वेदीपाशी खोळंबले असतानाही, पाचवे कडवे सोडीत नाही.

सहा गीते, एकूण एकेचाळीस मिनिटे. पहिली तीन एकमेकांत मिसळलेली; शेवटचे गीत ऑर्गनच्या स्वरांत विरत जाते. कंपनीच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण यात रेडिओवर वाजवावे असे काय आहे? 'आय बिलीव्ह इन यू' या गीताची आटोपशीर आवृत्ती काढून पाहिली. ती चालली नाही. ध्वनिमुद्रिका इंग्लंडच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत जाऊन खाली आली. हे संगीत रंगमंचावर जसेच्या तसे पुन्हा उभे करता येणार नाही, म्हणून हॉलिसने दौराही केला नाही. मग करारावरून कज्जा झाला. वाद्यवृंद मोकळा झाला आणि १९९१ मध्ये त्याने दुसऱ्या कंपनीसाठी 'लाफिंग स्टॉक' ही शेवटची ध्वनिमुद्रिका केली. इकडे ईएमआयने १९९० मध्ये जुन्या गाण्यांचा संग्रह काढला, तो थेट तिसऱ्या क्रमांकावर गेला. धंद्याला वास लागला. १९९१ मध्ये त्याच जुन्या गाण्यांवर नाचाचे ठेके चढवून आणखी एक ध्वनिमुद्रिका बाजारात आणली, वाद्यवृंदाला न विचारता. वाद्यवृंद न्यायालयात गेला आणि कंपनीला उरलेल्या प्रती नष्ट कराव्या लागल्या.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. दुसऱ्याच्या गाण्यावर त्याला न विचारता यंत्राचा ठेका चढविला, म्हणून एक रॉक वाद्यवृंद न्यायालयाची पायरी चढतो. आमच्या आज्यांनी विनातबला, विनाहार्मोनियम, केवळ कंठाने जपलेल्या शुभ शुक्रवारच्या विलापगीतांवर दर वर्षी हाच प्रकार होतो, आणि त्याला आम्ही 'तरुणांचा सहभाग' म्हणतो.

या संगीताला पुढे 'पोस्ट-रॉक' असे नाव पडले. सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने १९९४ मध्ये ते रूढ केले. रॉकची वाद्ये घ्यावयाची, परंतु रॉकच्या कामाला लावावयाची नाहीत; गिटारने ठोका देण्याऐवजी रंग भरावा, पोत विणावा, असा त्याचा आशय. त्याच वर्षी निघालेल्या 'बार्क सायकोसिस' या वाद्यवृंदाच्या 'हेक्स' या ध्वनिमुद्रिकेशीही पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड येथील सेंट जॉन्स चर्चचे नाव जोडलेले आहे. पुढे आइसलँडच्या 'सिगुर रोस' पासून आपल्याकडे अहमदाबादेत सुरू झालेल्या 'ऍजवीकीपसर्चिंग' पर्यंत (त्यांची 'झिया' २०१७ ची) ही वाट वाहती राहिली. हॉलिसने स्वतः १९९८ मध्ये आपल्या एकट्याच्या नावाने एक ध्वनिमुद्रिका केली, 'स्पिरिट' हूनही अबोल, आणि मग तो घरी गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत तो वारला. मधल्या वीस वर्षांत त्याने जवळजवळ काही प्रसिद्ध केले नाही. दोन स्वर वाजविण्यापूर्वी एक स्वर वाजवावयास शिकावे, आणि तो एकही कारण असल्याखेरीज वाजवू नये, अशा आशयाचे तो एका मुलाखतीत बोलला होता.

त्याला ख्रिस्ती गायक ठरविण्याचा आमचा खटाटोप नाही. त्याच्या गीतांत नंदनवन आहे, पाप आहे, व्यसनाने पोखरलेल्या देहाविषयी कळवळा आहे. परंतु तो कोणत्या बाकावर बसत होता हे पाहणे आमचे काम नव्हे. आणि ही गीते मिस्सेत गावीत असेही आम्ही म्हणत नाही. त्याने जी शिस्त पाळली ती त्याची एकट्याची नाही, ती मुळात आमची आहे, आणि आम्ही ती टाकून दिली, एवढेच आमचे म्हणणे.

शिस्त आमची कशी, ते पाहू. संत दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीतकारांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, उपासनेतील संगीताविषयी आदेश काढला. त्यांनी पियानो वर्ज्य केला, ड्रम आणि झांजा वर्ज्य केल्या. हा आदेश आज जसाच्या तसा लागू नाही, आणि नसावा हे बरेच. तो तसाच राहता तर आपल्या टाळ-मृदंगाला देवळाचे दार बंदच राहिले असते. पण तो कोणावर रोखला होता? त्या वेळी इटलीच्या देवळांत ऑपेराच्या चालीवर मिस्सा गायल्या जात होत्या. लोक चालीला डोलत आणि वेदीला विसरत. आज ऑपेराच्या जागी चित्रपट आला आहे, एवढाच फरक. मग १९५८ च्या सप्टेंबरात रोमच्या विधि-विभागाने सूचना काढली की उपासनेत ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिफीत अशी आपोआप वाजणारी यंत्रे मुळीच वापरू नयेत. ती परिषदेपूर्वीची आहे हे आम्ही जाणतो. परंतु तिच्यामागचे कारण परिषदेने बदलले नाही: उपासना ही उपस्थित माणसांची कृती आहे, आणि यंत्र उपस्थित नसते. मोबाइलवर साठवलेला तयार वाद्यमेळ लावून त्यावर गाणाऱ्या गायनवृंदांनी याचे उत्तर द्यावे. यंत्र थांबत नाही. धर्मगुरूंचे हात थरथरले, एखादी म्हातारी ख्रिस्तप्रसादासाठी पायरीपाशी अडखळली, तरी ते त्याच गतीने पुढे जाते. जिवंत वादक थांबला असता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या पहिल्याच संविधानात लोकांचा सहभाग कसा वाढवावा ते सांगितले. उद्गार, उत्तरे, स्तोत्रे, गीते, हालचाली. आणि त्याच परिच्छेदाच्या शेवटी: योग्य वेळी आदरपूर्वक मौन. हे वाक्य आमच्या उपासना समित्यांनी वाचलेलेच नाही असा आम्हांला संशय आहे. परिषदेच्या दृष्टीने मौन हा सहभागाचाच प्रकार आहे. १९६७ च्या संगीतविषयक सूचनेत तर स्पष्ट म्हटले आहे की मौनामुळे श्रद्धावंत परके किंवा मुके प्रेक्षक राहत नाहीत, उलट साजऱ्या होणाऱ्या रहस्याशी अधिक जवळून जोडले जातात. आम्ही नेमके उलटे समजून बसलो आहो: गप्प बसलेला माणूस म्हणजे सहभागी न झालेला माणूस, त्याला टाळ्या वाजवावयास लावा. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, मिस्सेच्या नियमावलीप्रमाणे ख्रिस्तप्रसादानंतर काही वेळ मौन पाळता येते, आणि सर्वांनी मिळून एखादे स्तोत्र गाइले तरी चालते. सर्वांनी मिळून, हे शब्द महत्त्वाचे. चार जणांनी ध्वनिवर्धकातून गावे आणि चारशे जणांनी ऐकावे, असे तेथे म्हटलेले नाही.

हा वाद आम्हांला केवळ चवीचा वाटत असता तर एवढी शाई खर्च केली नसती. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतील एका बाईंचा तरुण मुलगा गेला. अंत्यविधीच्या मिस्सेला देऊळ भरले होते. ख्रिस्तप्रसाद घेऊन त्या बाई आपल्या जागी परतल्या, गुडघे टेकले, तोंड ओंजळीत झाकले. तेवढ्यात ध्वनिवर्धकातून तयार वाद्यमेळ सुरू झाला, तोही लग्नाच्या मिस्सेला वाजतो तोच, फक्त गती कमी केलेली. सहा मिनिटे चालला. पुढे एकदा त्या आम्हांला म्हणाल्या, "बाय, मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे होते. ते राहिले." घरात पाहुणे, स्मशानभूमीत घाई, आठवडाभर येणारेजाणारे, त्या दिवशी त्यांना मुलाशी आणि देवाशी एकटे बोलता येईल अशी जागा एकच होती, आणि ती आम्ही भरून टाकली. गायनवृंदातील मुलांचा यात दुष्ट हेतू नव्हता. त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते की न गाणे हेही गायनवृंदाचे काम आहे.

आता आक्षेपांकडे वळू. ठेका काढून घेतला तर तरुण देवळात येणार नाहीत, हा पहिला. आमचा अनुभव निराळा आहे. आमचा मुलगा सीप्झमध्ये रात्रपाळी करतो. सहकाऱ्यांबरोबर पहाटे परतताना कानांत याच जातीचे संगीत असते, वीस वीस मिनिटांचे, शब्दांवाचूनचे. आम्ही त्याला त्या जुन्या कॅसेटविषयी सांगितले तेव्हा तो हसला. ती त्याला आमच्याहून अधिक पाठ होती. हे तरुण शांततेला भिणारे नाहीत. दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात राहून ते पैसे मोजून शांतता विकत घेतात. देवळात आम्ही त्यांना तोच गोंगाट फुकट देतो आणि ते येत नाहीत म्हणून रिट्रीट भरवितो.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे. मौन, मंद स्वर, ऑर्गन हे सारे युरोपचे. भारतीय भक्ती टाळ-मृदंगाची, नाचाची, असे काही विद्वान सांगतात. हे अर्धे खरे आहे. आपल्या लोकसंगीताला मान द्या असे परिषदेने मिशन प्रदेशांना बजावले आहे, आणि त्यासाठी आम्हीही भांडत आलो आहो. अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, एस.व्ही.डी. संघाचे फादर जॉर्ज प्रोक्श यांनी ज्ञान आश्रमात हिंदुस्तानी रागांतून ख्रिस्तभजने बांधली, तेव्हा त्यांना नावे ठेवणारे आपल्यातच होते. पण रागसंगीत कोठून सुरू होते? आलापातून. ठेका नाही, शब्द जवळजवळ नाहीत, एक स्वर जुळवून त्याच्याभोवती हळूहळू फिरणे. हॉलिसला जे साधावयास अंधारात महिने लागले, ते आमच्याकडे परंपरेने चालत आलेले आहे. आणि आरेतील वारली पाड्यांवरचा तारपा आठवा. दुधी भोपळ्याचे, बांबूचे ते वाद्य. वादक श्वास न तोडता फुंकतो, नाचणारे त्याच्याभोवती वेटोळे करतात, आणि कोणालाही शेवट गाठण्याची घाई नसते. तारपा ठेक्याच्या यंत्राबरोबर वाजविता येत नाही; तो वाजविणाऱ्याच्या छातीच्या मापाने चालतो. देवळात भारतीयत्व आणावयाचे तर तानपुरा आणा, तारपा आणा. कीबोर्डमधील दीडशे तयार ठेके हे परदेशी कारखान्यातून आलेले असतात, त्यांत भारतीय ते काय?

तिसरा आक्षेप घेणारे फक्त हसतात, म्हणून त्यांना उत्तर नाही.

कायद्याचाही एक शब्द. मद्रासमधील एका ख्रिस्ती मंडळीचे ध्वनिवर्धक आणि ड्रम शेजाऱ्यांना असह्य झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३० ऑगस्ट २००० रोजी न्यायालयाने निर्णय दिला की दुसऱ्यांची शांतता भंग करून, ध्वनिवर्धक लावून किंवा ढोल बडवून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. ती मंडळी कॅथोलिक नव्हती, म्हणून आम्ही हात झटकू शकतो. तरी प्रार्थनेतल्या गोंगाटावरचा देशातला हा महत्त्वाचा निर्णय एका ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या विरुद्ध गेला, हे आम्हांला बोचते. शेजारच्या मंडपातील भोंग्यांविषयी तक्रार करावयास निघालेल्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि आरेविषयी. मुंबईत शांतता म्हणजे काय हे आम्ही या वसाहतीत शिकलो. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते दुग्धवसाहतीचे उद्घाटन झाले ते शहरातील तबेले बाहेर काढण्यासाठी; गवत, झाडे आणि पाडे राहिले ते जवळजवळ त्या योजनेच्या आडोशाने. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्याच्या दिवशीच, मेट्रोच्या कारशेडसाठी येथे झाडे तोडावयास आरंभ झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला हात धरला तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्या रात्री खिडकीत उभे राहून आम्ही यांत्रिक करवतींचा आवाज ऐकला. तो फार मोठा नव्हता. एका लयीत होता, थांबत नव्हता. मेट्रो हवी की नको हा वाद येथे काढीत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ती आरेहून धावते आणि आमची मुले तीतूनच जातात. आम्हांला आठवते ते पुढच्या रविवारचे. मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनांनंतर धर्मगुरूंनी, काही न सांगता, एक मिनिटभर थांबून घेतले. ठेक्याचे यंत्र त्या दिवशी कोणीच लावले नव्हते. मागच्या बाकांवर पाड्यांवरची काही माणसे बसली होती. त्या मिनिटाला देवळातील प्रत्येक जण काय ऐकत होता, हे प्रत्येकाला ठाऊक होते. तसे मिनिट आम्हांला त्यानंतर मिळालेले नाही.

सीप्झच्या आवारात संत जॉन बाप्टिस्टचे जुने देऊळ आहे, १५७९ चे. (त्याच वर्षी फादर थॉमस स्टीफन्स, आपल्या 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते, गोव्यास उतरले, तेही इंग्रजच.) १८४० च्या सुमारास साथीने गाव उठले आणि देऊळ ओस पडले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तेथे मिस्सा होण्याची प्रथा आहे. छत नाही, भिंतींतून मुळे उतरली आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही तेथे गेलो असता ध्वनिवर्धकाची वीज मध्येच गेली. धर्मगुरूंनी कंठाने म्हटले, लोकांनी कंठाने उत्तर दिले. ख्रिस्तप्रसादानंतर कोणी गायले नाही, कारण कोणाला कोणता स्वर धरावा ते ठरविता येईना. तीन मिनिटे गेली असतील. परतताना रिक्षात आमच्या सासूबाई म्हणाल्या, आज मिस्सा ऐकू आली.

म्हणून आम्ही काही कुटुंबांनी मिळून पॅरिश कौन्सिलकडे लेखी अर्ज दिला. मागण्या मोजक्याच: आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून ख्रिस्तप्रसादानंतर तीन मिनिटे संपूर्ण मौन असावे; अंत्यविधीच्या मिस्सेत यंत्राचा ठेका आणि तयार वाद्यमेळ मुळीच वाजू नये; प्रायश्चित्तकाळात गायन विनावाद्य व्हावे; आणि पुढल्या रिट्रीटला, वक्त्यांच्या भाषणाऐवजी, मुलांना सभागृहात दिवे मालवून ती एकेचाळीस मिनिटांची ध्वनिमुद्रिका आरंभापासून शेवटपर्यंत ऐकू द्यावी आणि मग काय ऐकले ते त्यांनाच विचारावे. शेवटची मागणी वाचून कौन्सिलचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, म्हणजे आता देवळात रॉक आणणार? आम्ही म्हणालो, ते तर केव्हाच आले आहे. आम्ही फक्त बरे निवडा म्हणतो.

अर्जावर एकोणीस सह्या आहेत, पैकी अकरा पंचविशीच्या आतल्या. अंत्यविधीची मागणी तोंडी मान्य झाली. बाकीचा विषय दोन सभांत पुढे ढकलला गेला. कीबोर्ड सध्या दुरुस्तीला गेला आहे, आणि दोन रविवार गायनवृंद पेटीवर गात आहे. दुरुस्तीचा खर्च कोणत्या निधीतून करावा हा प्रश्न पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे, आणि त्या सभेला आम्ही जाणार आहो.